तक्रारीचा अधिकार

पाहुणा आणि घरचा मनुष्य यांच्यामध्यें भेद कोणता, असें कोणीं विचारलें तर पुष्कळ उत्तरें देतां येतील. पण आमच्या समजुतीप्रमाणें त्याची सर्वांत सोपी कसोटी जेवणाच्या पानावर सांपडते. पाहुण्यासाठीं पाट-रांगोळी होते, गोडाधोडाचें होतें, वाढतांना आग्रह होतो. आणि या सर्वांच्या मोबदल्यांत त्याच्याकडून एकच अपेक्षा असते कीं त्यानें स्वयंपाकाची वाखाणणी करावी. आमटींत मीठ कमी पडलें असलें तरी तो तें बोलून दाखवीत नाहीं. 'आज आमटी अळणी झाली आहे' असें म्हणण्याचा अधिकार घरच्याचा. आणि तो तसें म्हणाला म्हणून त्यास पानावरून कोणी उठवीत नाहीं. तात्पर्य, आदर होणें हें घरपणाचें लक्षण नव्हे. तक्रार करण्याची मोकळीक असणें हें घरपणाचें लक्षण होय.

हें साधें सत्य एका राष्ट्राच्या सार्वजनिक जीवनांत किती खोलवर पोहोंचतें, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें ऑस्ट्रेलियाकडे पाहावें. आमच्याकडील सामान्य वाचकाची त्या देशाशीं ओळख बहुधा क्रिकेटच्या द्वारें झालेली असते. परंतु आतां हा संबंध तेवढाच राहिलेला नाहीं. तेथील २०२१ च्या खानेसुमारींत परदेशीं जन्मलेल्या रहिवाशांचें प्रमाण शेंकडा २७.६ भरलें, आणि त्यांच्या जन्मदेशांत इंग्लंडच्या खालोखाल दुसरा क्रमांक भारताचा लागला. भारतांत जन्मलेले सुमारें ६ लक्ष ७३ हजार लोक त्या वेळीं तेथें राहत होते. तेव्हां त्या देशांत कोणास घरचा समजतात आणि कोणास पाहुणा, हा प्रश्न आपल्याही पुष्कळ कुटुंबांच्या जिव्हाळ्याचा झाला आहे.

ऑस्ट्रेलियांतील वसाहतींचें संघराज्य १९०१ सालीं स्थापन झालें, आणि त्याच्या पार्लमेंटानें पहिल्याच वर्षीं जे कायदे केले त्यांत नकोशा लोकांचा प्रवेश रोखणारा कायदा होता. त्यांतील चातुर्य असें कीं, वर्णाचा उच्चार त्यांत करावा लागला नाहीं. येऊं इच्छिणाऱ्यानें एखाद्या युरोपीय भाषेंत पन्नास शब्दांचा उतारा ऐकून लिहून दाखवावयाचा, एवढीच परीक्षा. भाषा कोणती तें मात्र अधिकाऱ्यानें ठरवावयाचें. ज्याला नापास करावयाचें त्याला न येणारी भाषा शोधून काढणें हें कांहीं कठीण काम नव्हे. १९३४ सालीं एगॉन किश नांवाच्या पत्रकाराला, त्याचीं राजकीय मतें सरकारास नको होतीं म्हणून, स्कॉटलंडांतील गेलिक भाषेंत ही परीक्षा देण्यात आली, आणि ती भाषा कायद्याच्या अर्थानें युरोपीय भाषा ठरत नाहीं असा निर्णय वरिष्ठ न्यायालयास द्यावा लागला! ही परीक्षा १९५८ सालीं बंद झाली. सिडनीहून निघणाऱ्या 'बुलेटिन' या वजनदार साप्ताहिकाच्या शीर्षभागीं ऑस्ट्रेलिया गोऱ्या माणसासाठीं आहे अशा अर्थाचें ब्रीद छापलेलें असे. तें १९६० सालीं संपादक डोनल्ड हॉर्न यांनीं काढून टाकलें. १९७३ सालीं व्हिटलम यांच्या सरकारनें प्रवेशाच्या नियमांतून वंशाची अट काढली, १९७५ सालीं वंशभेदास बंदी करणारा कायदा झाला, त्याच वर्षीं सिडनी व मेलबर्न येथें परदेशी भाषांतून बोलणारीं नभोवाणीकेंद्रें सुरू झालीं, आणि १९८० सालीं एसबीएस ही अनेक भाषांतून कार्यक्रम देणारी दूरचित्रवाणी आली. एका माणसाच्या आयुष्याच्या अवधींत एखाद्या राष्ट्रानें स्वतःला इतकें बदलावें, ही गोष्ट लहान नाहीं. पुढें आम्ही जी टीका करणार आहों ती करतांना हें ऋण विसरणें अन्यायाचें होईल.

तथापि आदरातिथ्य वाढलें म्हणजे घरपण आलेंच, असें नाहीं. एक लहानशी गोष्ट पाहा. मार्चची २१ तारीख हा दिवस संयुक्त राष्ट्रसंघानें वंशभेदाच्या निर्मूलनाचा दिवस म्हणून नेमलेला आहे. दक्षिण आफ्रिकेंत शार्पव्हिल येथें १९६० सालीं त्या दिवशीं पोलिसांच्या गोळीबारांत जीं माणसें मेलीं त्यांच्या स्मरणार्थ तो आहे. ऑस्ट्रेलियांत १९९९ पासून हाच दिवस सुसंवादाचा दिवस म्हणून साजरा होतो. शाळाशाळांतून मुलें आपापल्या देशांचे पोशाख घालून येतात, निरनिराळे खाद्यपदार्थ मांडले जातात, नृत्यें होतात. यांत वाईट असें कांहींच नाहीं. पण मुळांत जो दिवस गाऱ्हाण्याचा होता तो पंगतीचा झाला, एवढें मात्र खरें. बहुसंस्कृतिवाद या मोठ्या नांवाखालीं पुष्कळदां हेंच घडतें. दुसऱ्याचें अन्न आम्हांस आवडतें, त्याचें नृत्य आवडतें, त्याचा खेळ आवडतो. त्याचें गाऱ्हाणें आवडत नाहीं.

ॲडम गुड्स या खेळाडूची हकीकत आम्हांस याच दृष्टीनें मननीय वाटते. हा गृहस्थ तेथील मूळ रहिवाशांपैकीं, अॅड्न्यामथान्हा व नारुंगा या समाजांचा. ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉलमध्यें त्यानें सिडनीच्या संघातर्फे ३७२ सामने खेळले, आणि वर्षांतील सर्वश्रेष्ठ खेळाडूस मिळणारें ब्राउनलो पदक दोनदां मिळविलें. तोंपर्यंत तो सर्वांचा लाडका होता. २४ मे १९१३ नव्हे, तर अलीकडच्या २०१३ सालच्या मे महिन्यांतील याच तारखेस मेलबर्नच्या मैदानावर प्रेक्षकांतील तेरा वर्षांच्या एका मुलीनें त्यास वानर म्हणून हांक मारली. त्यानें खेळ थांबवून तिच्याकडे बोट दाखविलें, व तिला मैदानाबाहेर नेण्यांत आलें. दुसऱ्या दिवशीं त्यानें स्पष्ट सांगितलें कीं, दोष त्या मुलीचा नाहीं, तिला कोणी छळूं नये, तिला आधार द्यावा. याहून सौम्य तक्रार कशी असते तें आम्हांस ठाऊक नाहीं. २०१४ सालीं त्याला वर्षाचा श्रेष्ठ ऑस्ट्रेलियन म्हणून राष्ट्रीय मान मिळाला. त्या व्यासपीठावरूनही तो आपल्या लोकांच्या दुःखाविषयीं बोलूं लागला. आणि मग हवा पालटली. त्याच्या हातीं चेंडू आला कीं प्रेक्षक हुर्यो करूं लागले. मे २०१५ मध्यें एका गोलानंतर त्यानें आपल्या पूर्वजांच्या युद्धनृत्याचीं चार पावलें टाकून काल्पनिक भाला फेंकल्याचा आविर्भाव केला, तेव्हां तर आठवड्यामागून आठवडे, मैदानामागून मैदान, हा हुर्यो वाढतच गेला. कांहीं स्तंभलेखक आणि नभोवाणीवरील वक्ते लिहूं-बोलूं लागले कीं हा वर्णद्वेष नव्हेच, हा मनुष्य उगाच आपल्या दुःखाचें भांडवल करतो. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत त्यानें खेळ सोडला. २०१९ सालीं त्या खेळाच्या नियामक मंडळानें आणि अठराही संघांनीं त्याची बिनशर्त क्षमा मागितली. पण तोंपर्यंत मैदान रिकामें झालें होतें.

यांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, प्रतिनिधित्वाची उणीव येथें मुळींच नव्हती. तो दिसत होता, गाजत होता, त्याचा सन्मान झाला होता. दिसणें क्षम्य होतें. बोलणें झालें नाहीं. आणि विपर्यास असा कीं, ज्याला या रीतीनें पाहुण्याची पायरी दाखविण्यांत आली त्याचे पूर्वज त्या भूमींत पन्नास हजारांहून अधिक वर्षें राहत आलेले. ती भूमि कोणाचीच नव्हती ही कल्पना तेथील वरिष्ठ न्यायालयानें १९९२ सालच्या माबो खटल्यांत टाकून दिली आहे. म्हणजे येथें पाहुणाच घराच्या मूळ धन्याला पंगतीचे शिष्टाचार शिकवीत होता, असें म्हटलें तर चूक होणार नाहीं.

कोणी म्हणेल कीं, वृत्तपत्रांत व दूरचित्रवाणीवर निरनिराळ्या वंशांचीं माणसें अधिक संख्येनें बसविलीं कीं हा प्रश्न सुटेल. दूरचित्रवाणीवरील बातम्यांची जी पाहणी २०२० सालीं प्रसिद्ध झाली तींत पडद्यावर दिसणाऱ्या निवेदक-वार्ताहरांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश अँग्लो-केल्टिक वंशाचे आढळले. हें प्रमाण बदललें पाहिजे याविषयीं आमचें दुमत नाहीं. पण जो माणूस खुर्चीवर बसविला त्याच्या तोंडून आपल्याला आवडेल तेवढेंच निघावें अशी अट असेल, तर ती खुर्ची म्हणजे पाहुण्याचा पाटच. सरकारी नभोवाणीचे नामांकित निवेदक स्टॅन ग्रँट हे विराजुरी समाजाचे. मे २०२३ मध्यें राजा चार्ल्स यांच्या राज्यारोहणाच्या प्रसंगीं, राजसत्तेनें आपल्या लोकांचें काय केलें, याविषयीं ते बोलले. त्यांच्यावर शिव्यांचा इतका वर्षाव झाला कीं थोड्याच दिवसांत त्यांनीं आपला कार्यक्रम सोडला. खुर्ची होती, अनुभव होता, कीर्ति होती. मोकळीक तेवढी नव्हती.

येथें एक आक्षेप संभवतो, आणि तो खरोखर विचारार्ह आहे. तक्रारीला असें पवित्र स्थान दिलें तर तक्रार हाच धंदा होईल, आणि बोलणारा कोण यावरूनच बोलण्याची किंमत ठरूं लागेल, असें पुष्कळ विचारी लोक म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या वाङ्मयांतच याचीं उदाहरणें आहेत. हेलन डेमिडेन्को या युक्रेनी धाटणीच्या नांवानें लिहिणाऱ्या एका तरुण लेखिकेच्या कादंबरीस १९९५ सालीं त्या देशांतील मायल्स फ्रँकलिन हें मानाचें पारितोषिक मिळालें. युक्रेनी कुटुंबाच्या आठवणींवर आपलें लेखन आधारलेलें आहे असा तिचा बहाणा होता. कांहीं आठवड्यांतच उघड झालें कीं ती इंग्लंडहून आलेल्या आईबापांची मुलगी असून तिचें नांव हेलन डार्व्हिल आहे. त्याच सुमारास वांडा कूलमॅट्री या मूळ रहिवासी स्त्रीचें म्हणून एक आत्मचरित्र गाजलें, आणि १९९७ सालीं त्याचा कर्ता लिऑन कार्मेन नांवाचा गोरा पुरुष निघाला. जेथें नांवाला भाव येतो तेथें नांवाची नक्कलही बाजारांत येते, हाच याचा बोध. आमच्याकडेही दलित साहित्याच्या निमित्तानें स्वानुभव श्रेष्ठ कीं सहानुभूति पुरेशी, हा वाद झालेला आहे, आणि वंशावळ हें वाङ्मयाचें प्रमाणपत्र होऊं शकत नाहीं हें आम्ही मान्य करतों.

परंतु या आक्षेपांत दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. तक्रार ऐकून घेतली जाण्याचा अधिकार निराळा, आणि तक्रार खरी ठरण्याचा अधिकार निराळा. दुसरा अधिकार कोणालाच नाहीं, पीडितालाही नाहीं. आमटी अळणी आहे असें घरचा म्हणाला तर ती खरोखर अळणी असलीच पाहिजे असें नव्हे. कदाचित् त्याची जीभच त्या दिवशीं बिघडली असेल. पण चव घेऊन पाहण्यापूर्वींच 'तुला बोलण्याचें कारण काय' असें विचारणें हा त्याला उंबऱ्याबाहेर काढण्याचा प्रकार झाला. गुड्सच्या बाबतींत झालें तें हें. त्याचें म्हणणें कोणीं खोडून काढलें नाहीं. त्याचें म्हणणें हाच अपराध ठरला.

भाषणस्वातंत्र्याच्या वादांतही हीच गांठ आहे. वंशभेदाच्या १९७५ च्या कायद्यांत १९९५ सालीं भर घालून, वंशाच्या कारणावरून कोणाचा जाहीर उपमर्द किंवा मानहानि करणें बेकायदा ठरविण्यांत आलें. मात्र सद्हेतूनें केलेली टीका, कला व शास्त्रीय चर्चा यांस सूट ठेवण्यांत आली. अँड्र्यू बोल्ट या स्तंभलेखकानें, उजळ कांतीचे कांहीं लोक फायद्यासाठीं आपणांस मूळ रहिवासी म्हणवितात, अशा आशयाचे लेख लिहिले होते. २०११ सालीं न्यायालयानें त्याच्याविरुद्ध निकाल दिला, आणि त्याच्या लेखांत वस्तुस्थितीच्या चुका असल्याचें नमूद केलें. त्यावर मोठें वादळ उठलें. २०१४ सालीं ॲटर्नी जनरल ब्रँडिस यांनीं सेनेटमध्यें सांगितलें कीं, माणसाला पूर्वग्रहदूषित असण्याचाही अधिकार आहे. कायदा सैल करण्याचा तो प्रयत्न तेव्हां सोडून देण्यांत आला, व २०१७ सालीं पुन्हां झालेला प्रयत्न सेनेटनें फेंटाळला.

आमचें स्वतःचें मत विचाराल तर, बोलण्यावर दंड करणारा कायदा जितका अरुंद असेल तितका बरा. न्यायाधीशाच्या हातीं जिभेची लगाम देणें धोक्याचें असतें. आज ती एकाच्या संरक्षणार्थ ओढली जाते, उद्यां त्याच्याच विरुद्ध. पण ज्यांना हें स्वातंत्र्य प्रिय आहे त्यांनीं तें दोन्ही बाजूंना सारखें द्यावें. त्याच २०१७ सालीं, सुदानांत जन्मलेल्या यास्मिन अब्देल-मजीद या तरुण निवेदिकेनें युद्धांतील मृतांच्या स्मृतिदिनीं निर्वासितांची आठवण करून देणाऱ्या सात शब्दांच्या ओळी फेसबुकवर लिहिल्या. तिनें त्या काढून टाकल्या आणि क्षमाही मागितली, तरी तिच्यावरील गहजब थांबेना, व अखेर तिनें देश सोडला. हुर्यो आणि कायद्याचा दंड या एकच गोष्टी नव्हेत, हें खरें. परंतु दुखविण्याची मुभा हवी असें म्हणणाऱ्यांपैकीं कित्येकांस स्वतःला दुखलेलें मुळींच सोसलें नाहीं, हेंही तितकेंच खरें.

हा प्रश्न १४ ऑक्टोबर २०२३ रोजीं तेथील मतदारांपुढें अगदीं उघड्या स्वरूपांत आला. मूळ रहिवाशांचें एक मंडळ राज्यघटनेनें स्थापावें, आणि त्यानें पार्लमेंट व सरकार यांपुढें आपल्या लोकांसंबंधीं म्हणणें मांडावें, एवढीच ती सूचना होती. निर्णयाचा अधिकार त्या मंडळास नव्हता. सुमारें शेंकडा साठ मतदारांनीं व सहाही राज्यांनीं ती नाकारली. नाकारणारे सर्व वर्णद्वेष्टे होते असें म्हणणें हा शुद्ध अन्याय होय. नागरिकांत वंशावरून भेद नको असें प्रामाणिकपणें मानणारे त्यांत होते. जॅसिंटा प्राइस यांच्यासारखे मूळ रहिवाशांतलेच पुढारी त्या बाजूस होते, आणि ही सूचना फारच थोडें देते म्हणून तिला विरोध करणारेही त्याच समाजांत होते. एका समाजाचा एकच आवाज असतो ही समजूत यावरून खोटी ठरते. तरीही आमच्या मनांत एक शंका उरते. केवळ ऐकून घ्या एवढीच विनंती ज्यांस जड वाटली, त्यांनीं ऐकण्याचा दुसरा कोणता मार्ग पुढें ठेवला? नकार देण्याचा हक्क निर्विवाद आहे. पण नकारानंतरचें मौन हें उत्तर होऊं शकत नाहीं.

इतकें लिहून झाल्यावर लेखणी खालीं ठेवणें सोयीचें झालें असतें. दूरच्या देशाचे दोष दाखविण्यांत एक प्रकारचें समाधान असतें, आणि तें समाधानच संशयास्पद असतें. ऑक्टोबर २००७ मध्यें ऑस्ट्रेलियाचा क्रिकेट संघ आपल्याकडे आला होता. त्यांतील अँड्र्यू सायमंड्स याच्या अंगीं वेस्ट इंडियन रक्त होतें. बडोद्यास व नंतर आमच्या मुंबईच्या वानखेडे मैदानावर प्रेक्षकांतील कांहींनीं त्यास पाहून माकडचेष्टा केल्या. त्यानें तक्रार केली तेव्हां, हा वर्णद्वेष नव्हे, आमच्या लोकांच्या मनांत तसें कांहीं नसतें, असें म्हणणारे आपल्यांतही निघाले. दोन वर्षांनीं मेलबर्नमध्यें भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, आणि ही साधी लूटमार आहे, वर्णद्वेष नव्हे, असें तेथील अधिकारी सांगूं लागले, तेव्हां मात्र आपला संताप अनावर झाला. जानेवारी २०१० मध्यें दिल्लीच्या एका दैनिकानें तेथील पोलिसांस अमेरिकेंतील वर्णद्वेष्ट्या टोळीचा बुरखा घातलेला दाखविणारें व्यंगचित्र छापलें. महाराष्ट्रांत ऑस्ट्रेलियन खेळाडूंना खेळूं देणार नाहीं अशा गर्जना झाल्या. आणि त्याच मुंबईंत, ऑक्टोबर २००८ मध्यें, रेल्वेच्या परीक्षेस आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मारहाण झाली होती! परप्रांतीय या शब्दांत पाहुणा आणि आगंतुक या दोहोंचा अर्थ आपण किती सहज कोंबतों, तें ज्याचें त्यानें मनाशीं पाहावें.

यावरून सर्व सारखेच, तेव्हां कोणीं कोणाला बोलूं नये, असा निष्कर्ष काढणारे काढतात. आम्ही तो काढीत नाहीं. वानखेडेवरील चेष्टांमुळें मेलबर्नच्या विद्यार्थ्याच्या डोक्यावरची जखम खोटी होत नाहीं, आणि मेलबर्नच्या जखमेमुळें सायमंड्सचा अपमान पुसला जात नाहीं. उलट यांतून निघतें तें हें कीं, ज्याच्यावर आरोप होतो त्याचें पहिलें वाक्य सर्व भाषांत एकच असतें: आमच्या मनांत तसें नव्हतें. तें वाक्य पुष्कळदां प्रामाणिकही असतें. पण तक्रार मनाविषयीं नसते, घडलेल्या गोष्टीविषयीं असते. आणि आपलें मन तपासण्यापूर्वीं समोरच्याची जखम पाहावी, एवढें सौजन्य आपल्या हातचें असतें.

एखाद्या देशांत किती भाषा बोलल्या जातात, किती प्रकारचें अन्न मिळतें, पडद्यावर किती रंगांचे चेहरे दिसतात, यांची मोजदाद अवश्य व्हावी. पण आमच्या मतें खरें मोजमाप निराळें आहे. सर्वांत कमी संख्येच्या, सर्वांत कमी बळाच्या मनुष्यानें 'हें मला लागलें' असें म्हटल्यानंतर पुढें काय होतें? त्याचें म्हणणें चुकीचें असलें तर त्याला युक्तिवादानें उत्तर मिळतें, कीं त्याला आपला पाट कोठें आहे याची आठवण करून दिली जाते? ऑस्ट्रेलियानें या प्रश्नाचें उत्तर २०१५ सालीं एक दिलें आणि २०१९ सालीं त्याची क्षमा मागितली. आपल्याकडे तो प्रश्न प्रत्येक मैदानावर, प्रत्येक आगगाडींत, प्रत्येक वर्गांत रोज विचारला जात आहे. आणि क्षमा मागण्याइतकी त्याची दखल आपण अद्याप घेतलेली नाहीं.